डाव्या हाताचे टोपीबुवा

निपाणीच्या स्टँडवर बेंगळूरची गाडी लागली तेव्हा आई माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवरा बॅगा वर चढवत होता, माझा धाकटा भाऊ महेश कंडक्टरशी सामानावरून उगाचच हुज्जत घालत होता, आणि आईनं खिडकीतून एक पिशवी आत सारली. तीत चिवडा होता, मेतकूट होतं, टीपॉयवर घालायला क्रोशाचा रुमाल होता आणि तिची स्वतःची क्रोशाची सुई होती. सुई बघून मी म्हटलं, "मग तुला?" ती म्हणाली, "मला दुसरी हाय. हात रिकामा ठेवू नकोस तिकडं." ती रडली नाही, मीच रडले. गाडी हलेपर्यंत आम्ही तशाच होतो, ती बाहेर आणि मी आत, समोरासमोर.

समोरासमोर बसायची आम्हाला सवयच होती. मी डावखुरी. शेजारपाजारच्या बायका आईला सांगायच्या, पोरीचा हात बांध, उजव्याची सवय लाव. आईनं कुणाचं ऐकलं नाही. पण क्रोशा शिकवायला घेतला तेव्हा पंचाईत झाली. मी तिच्या शेजारी बसले की कोपराला कोपर लागायचं, आणि तिचं बघून करायला गेले की सगळं उलटंपालटं व्हायचं. शेवटी ती म्हणाली, "वैशे, समोर बस. आरशात बघितल्यागत कर." ते जमलं. तरी काही टाके माझ्या डोक्यात शिरेनात, तेव्हा तिनं सुई स्वतःच्या डाव्या हातात धरली. आधी ती शिकली आणि मग मला शिकवलं. तिचं डाव्या हाताचं काम ढिलं आणि वेडंवाकडं व्हायचं, ती स्वतःलाच हसायची. गोल विणताना माझी सुई उलट्या अंगानं फिरते, त्यामुळं माझे टाके डावीकडं कलतात. आईचे उजवीकडं. रुमालांचा ढीग समोर असला तरी माझा रुमाल ती अचूक उचलायची. तिच्या शेजारी बसून मात्र मी कधीच विणलं नाही.

बेंगळूरात पहिली काही वर्षं आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्यानं राहिलो. गॅलरीतून फ्लायओव्हर दिसायचा आणि त्यावरच्या बसमधली माणसं. ऑफिसात हिंदी आणि इंग्लिश, मराठी फक्त रात्रीच्या जेवणाला. कागदोपत्री आमचं गाव कर्नाटकातच, पण कन्नड मी खरी शिकले ती इथल्या भाजीवाल्यांकडून आणि ऑटोवाल्यांकडून. आता जे. पी. नगरला स्वतःचा फ्लॅट आहे. फोन ठेवताना "बरं"च्या जागी माझ्या तोंडून "सरी" जातं, आणि पोहे करताना मीठ "स्वल्प" पडतं. आईची सुई पहिल्या काही वर्षांत ड्रॉवरमध्येच पडून होती. हात रिकामा ठेवू नकोस म्हणाली होती, पण हाताला कीबोर्डच एवढा पुरायचा की बोलायची सोय नाही.

मधल्या काळात महेशचं लग्न झालं आणि दीपा घरात आली. गडहिंग्लजची. आल्या दिवसापासून ती माझ्या आईला "आई" म्हणायला लागली. मी माझ्या सासूबाईंना अजून "आत्या" म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. त्यामुळं पहिल्यांदा तिची हाक ऐकली तेव्हा माझ्या पोटात दुखलं ते आजतागायत पुरतं थांबलेलं नाही. बरं, नाव ठेवावं तर काही सापडत नाही. कामाला चटपटीत, बोलायला गोड, आईच्या गोळ्या वेळेवर देणारी. वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं.

टोपीबुवांचं प्रकरण सुरू झालं ते दोन डिसेंबरांपूर्वी. आमच्या अपार्टमेंटच्या लॉबीत नाताळाला झाड सजवतात आणि बायका स्टॉल लावतात. खालच्या मजल्यावरच्या ग्रेसी आंटींनी मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. लोकरीचा वीतभर बुटका, डोक्यावर उंच निमुळती टोपी, खाली गोल नाक, नाकाखाली पोटापर्यंत दाढी. "यू नो क्रोशे, नो? धिस इज नोम. ट्राय माडी," करून तर बघ, म्हणाल्या. मी ड्रॉवर उघडला. पहिला बुटका दुधी भोपळ्यासारखा झाला, दुसरा बरा झाला, तिसरा आंटींनी माझ्या हातातून काढूनच घेतला.

त्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला आणि बुटका आईसमोर धरला. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"ह्याला डोळं न्हाईत व्हय गं?"

"टोपीखाली झाकलेत."

"मग ह्यो टोपीबुवा चालतो कसा? धडपडंल की."

पण हाताला चैन पडेना तिच्या. पुढच्या रविवारी तिनं डब्याला टेकवून फोन उभा केला आणि म्हणाली, दाखव. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काहीतरी शिकवत होते. ती समोर, मी समोर, मध्ये पाच-सहाशे किलोमीटर नसल्यासारखे. मी यूट्यूबवरच्या बायांसारखी "मॅजिक रिंग" म्हणायचे, ती "फास" म्हणायची. बुटका उभा राहावा म्हणून मी तळाशी प्लॅस्टिकचे मणी भरायचे, तिनं चिंचोके भरले. दाढीची लोकर मी ब्रशनं पिंजायचे, तिनं माझ्या लहानपणची उवांची फणी शोधून काढली. रविवार दुपारचा तो तास माझा होता. नवऱ्याला आणि लेकीला मी बजावून ठेवलं होतं, जेवण वाढून घ्या, मला हाक मारू नका.

मग एका रविवारी फ्रेमच्या कडेला बांगड्यांचा हात दिसला. त्याच्या पुढच्या रविवारी खांदा. मग अख्खी दीपा, आईला चिकटून बसलेली, मांडीवर लोकरीचा गुंडा. "ताई, मी पण शिकाय लागले ओ," म्हणाली. आणि आईचं सुरू झालं. दीपाचा हात बघ किती सुबक. दीपानं टोपीला घुंगरू लावलं बघ. दीपाला एकदा सांगितलं की पुरं. मी "अरे वा" म्हणत होते आणि आतून माझा तिळपापड होत होता. ती उजव्या हाताची, तिला समोर बसायची गरजच नाही. गुडघ्याला गुडघा लावून, आईच्या पदरात नाक खुपसून शिकत होती. मला मिळाली ती आरशातली आई, तिला शेजारची मिळाली.

तुम्ही जे मागं राहिलात, त्यांना वाटतं आम्ही फार मिळवलं. लिफ्ट आहे, मॉल आहे, पोरं इंग्लिश फाडतात. आणि जे माझ्यासारखे निघून आलेत, ते तरी हे कुठं उघड बोलतात? मी बोलते. मला तुमचा हेवा वाटतो, अगदी किरकोळ गोष्टींचा. आई दुपारी झोपेतून उठते तेव्हा तिचा चहा कोण टाकतं, तिला ठसका लागला की पाठ कोण चोळतं, तिची चिडचिड कुणाच्या वाट्याला येते. होय, तिच्या चिडचिडीचासुद्धा. माझ्याशी ती फोनवर गोडच बोलते, पाहुण्याशी बोलावं तशी.

या पावसाळ्यानंतर तर कळसच झाला. कॉलवर मी नवा नमुना काढला की आई सुई हातातच घेईना. म्हणायची, "दीपाला दाखव, ती करंल, मी बघते." नाहीतर, "आता दीपाच सांगंल तुला." म्हणजे माझ्या तासात माझी आई नुसती प्रेक्षक, आणि मी शिकवायचं कुणाला, तर दीपाला. मी दोन रविवार कॉलच केला नाही. ऑफिसचं काम आहे म्हणून कळवलं.

दिवाळीत महेशनं फोटो पाठवले. गल्लीतल्या पोरांनी मातीचा किल्ला केला होता, हळीव पेरून हिरवागार, आणि त्याच्या बुरुजांवर पहारेकरी म्हणून आमचे टोपीबुवा उभे. दीपानं प्रत्येकाच्या टोपीवर भगवी पट्टी विणली होती, हातात काडीची तलवार दिली होती. अख्खी गल्ली बघायला येऊन गेली म्हणे. फोटो सुंदर होता, ते मी नाकारत नाही. पण हे बुटके पहिल्यांदा कुणी आणले, कुणाच्या शहरातून आले, याचा त्या सगळ्या कौतुकात एक शब्द नाही. नवरा म्हणाला, "अगं, नाताळचे बुटके दिवाळीच्या किल्ल्यावर चढले, हसायचं सोडून तू काय करतेस?" मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

डिसेंबर आला तशी स्टॉलसाठी मागणी वाढली आणि माझं ऑफिसही नेमकं तेव्हाच अंगावर आलं. आईला बोलता बोलता सांगितलं, यंदा पुरे पडत नाहीत. ती म्हणाली, "आम्ही देतो की धाडून." तो "आम्ही" माझ्या कानाला टोचलाच.

आठवड्यानं वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, "अक्का, पार्सल बंदिदे." खोकं उघडून मी सगळे टोपीबुवा डायनिंग टेबलवर मांडले. खरं सांगते, खोट काढायलाच बसले होते. दीपाचे लगेच ओळखू आले. घट्ट, एकसारखे, टोपीवरचे टाके उजवीकडं कलत शेंड्यापर्यंत गेलेले. काढायला खोट नव्हती, त्यामुळं आणखी राग आला. मग मी आईचे शोधायला लागले. आईचा हात मला अंधारातही कळेल. पण ते सापडेनात. उरले होते ते ढिले होते, टोप्या बाकदार, दाढ्या वाकड्या, कुठंकुठं कापूस डोकावत होता. आणि त्यांच्या टोप्यांवरचे टाके डावीकडं कललेले होते, माझ्यासारखे.

आमच्या घरात माझ्याखेरीज डावखुरं कुणीच नाही. मला वाटलं, दीपानं माझी नक्कल केली. आईला तिच्या लेकीसारखं करून दाखवायला निघाली. आता माझ्याकडं हात सोडून काही उरलं नव्हतं, तोही घेतला. मी तशीच फोन लावला, तिच्याच नंबरवर.

"दीपा, हे डाव्या हाताचे कुणी केलेत?"

तिनं आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आईंनी. तुम्हाला सांगू नको म्हणाल्यात ओ."

"का?"

"पावसात त्यांचा उजवा अंगठा धरला. सुई धरवत नाही, भाकरी थापवत नाही. डॉक्टर म्हणाले, आता असंच राहणार. चार दिवस बसून होत्या नुसत्या. मग म्हणाल्या, वैशीला शिकवताना डावा शिकला होता, तो हाय की अजून. कॅमेऱ्यात दिसंल, ती घाबरंल, म्हणून तुमच्यासमोर सुई धरत नाहीत."

टेबलावरच्या एका वाकड्या टोपीबुवाला मी नुसतं धरून बसले होते.

दीपाच पुढं म्हणाली, "आणि ताई, माझी पंचाईत झालीय. शेजारी बसलं की कोपराला कोपर लागतंय आणि सगळं उलटं दिसतंय. आता मला समोर बसायला लागतंय बघा. शेजारची जागा मोकळीच आहे."

स्टॉलवर दीपाचे टोपीबुवा पहिल्या तासात संपले. डावे मी मांडलेच नाहीत. ग्रेसी आंटींनी एक मागितला, त्यांनाही नाही दिला. त्या रागावल्या असाव्यात, पण माझा नाइलाज होता.

नाताळच्या सुट्टीत निपाणीला गेले. आई सोप्यात सतरंजीवर बसली होती. उजवा अंगठा तिनं पदराखाली घेतला होता, तो मी हळूच बाहेर काढला आणि थोडा वेळ धरून ठेवला. "दीपानं सांगितलं वाटतं," एवढंच म्हणाली. मग मी तिच्या शेजारी बसले, गुडघ्याला गुडघा लावून, तिनं स्टँडवर दिलेली सुई डाव्या हातात धरून. तिची सुई डाव्या हातात होतीच. दोघींचे हात एकाच दिशेनं फिरत होते, कोपर कुठं लागत नव्हतं. तिच्या पदराला आता चुलीचा नाही, गॅसचा आणि आयोडेक्सचा वास येत होता. इतक्या वर्षांनी मला पाहिजे ती जागा मिळाली होती. माझं घर ते एवढंच, सतरंजीचा तो तुकडा. बेंगळूरातल्या फ्लॅटमध्ये तो मावेल असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

दीपा समोर बसली होती. आईचं काहीतरी चुकलं, टाका निसटला, आणि आई स्वतःलाच हसली. तिच्या खांद्याच्या हलण्यावरून मला कळलं की हसतेय. शेजारी बसलं की नुसता खांदा लागतो, चेहरा दिसत नाही. मी मान वळवेपर्यंत हसू संपलं होतं.

दीपानं ते पूर्ण बघितलं. तिच्या तोंडावर मला ते दिसलं, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.