छंद : अल्बानियाचे सेनापती

सरकारी परीक्षेच्या मुलाखतीच्या फॉर्ममध्ये ‘छंद’ असा एक रकाना असतो. मला छंद नव्हता. वलगावात झेंडूचं शेत. सकाळी फुलं तोडायची, मग अमरावतीला क्लास, परत येऊन अभ्यास. छंद लावून घेणार कधी, कपाळ? पण क्लासच्या सरांनी बजावलं होतं, “वाचन, संगीत असलं काही लिहाल तर पॅनल सोलून काढेल. असं लिहा, की त्यांनाच काही माहीत नसेल.” मग त्यांनी प्रसाद वाटावा तसे एकेकाला छंद वाटले. एकाला जपानी बागा, अकोल्याच्या एकीला जुनी कुलपं. माझ्या वाट्याला आले अल्बानियाचे सेनापती.

आता बोला! अल्बानिया नकाशात कुठे आहे, हेसुद्धा मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं. पण वयाच्या अटीत बसणारी ही माझी शेवटची मुलाखत होती. यातून अधिकारी झाले तर झाले, नाहीतर दार कायमचं बंद. म्हणून फॉर्मात निमूट लिहून टाकलं आणि सेनापती पाठ करायला बसले.

त्यांची नावं इथे लिहीत नाही, कारण एकही मला आजतागायत धड उच्चारता येत नाही. डोक्याचा पार भुगा झाला होता. डोंगरात लपून लढलेला कोण, फौजेच्या जोरावर राजा होऊन बसलेला कोण, काही केल्या वेगळे राहीनात. रात्री पाठ केलेला सकाळी दुसऱ्याच लढाईत जाऊन उभा राहायचा. एक तेवढा पक्का बसला, कारण त्याच्या शिरस्त्राणावर चक्क बकरीचं मुंडकं होतं. तो साडेपाचशे वर्षांपूर्वीचा. लहानपणी तुर्कांच्या सुलतानाने त्याला ओलीस ठेवून घेतलं, वाढवलं, मोठा सरदार केलं. आणि एके दिवशी हा पठ्ठ्या भर लढाईत सुलतानाची फौज सोडून सरळ आपल्या मुलखात निघून गेला. बापाचा किल्ला घेतला आणि उरलेलं आयुष्य सुलतानाच्याच फौजांशी लढण्यात घालवलं.

दुपारी आई ओसरीवर हार गुंफायची आणि मी शेजारी बसून मोठ्याने घोकायचे. ऐकून ऐकून तिलाही तो ओळखीचा झाला. “आला का तुहा बकरीवाला?” म्हणून मला चिडवायची.

एक दिवस तिने सुई थांबवली. “मले एक सांग वं. ज्यानं लेकरासारखं वाढवलं, त्याच्याच आंगावर गेला. मंग त्याले मोठा काहून म्हणतेत?”

“आई, त्याला घरातून नेलं होतं.”

“नेलं होतं, थे समजलं. पण इतके वर्सं तिथंच जेवला ना? मले तं वाटते, तो...”

“आई, गप बस गं! तुला काय कळतं त्यातलं? माझं पाठ केलेलं सगळं जाईल.”

तिने सुई परत फुलात खुपसली. मला तिचा राग आला होता, कारण तिचा प्रश्न माझ्या नोट्समध्ये कुठेच नव्हता.

मुलाखतीला चारजण होते. तिघांनी जिल्हा, संत्री, कपाशी विचारून सोडलं. चौथे पांढऱ्या मिशांचे, ताठ बसलेले. फॉर्म बघून ते खुशीत हसले आणि नेमकं बकरीच्या शिरस्त्राणवाल्यावरच आले. मी किल्ला, लढाया, सनावळ्या धाडधाड सांगत सुटले. त्यांनी हात वर केला.

“हे पुस्तकात आहे. मी फौजेत होतो, म्हणून विचारतो. ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांना त्याने भर लढाईत सोडलं. तुम्ही त्याला काय म्हणाल, निष्ठावान की फितूर? आणि का?”

बोंबला! हा तर आईचाच प्रश्न. ‘मले तं वाटते, तो...’ एवढंच कानात वाजत राहिलं. पुढचं वाक्य नव्हतंच, ते मीच तोडलं होतं. तो पळाला की परतला? तोंड उघडलं की फितूर येत होतं, मिटलं की निष्ठावान.

“सांगता येत नाही, सर,” मी म्हटलं. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

निकालाची यादी मी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. माझं नाव नव्हतं.

आईने माझं तोंड बघितलं आणि फुलांची टोपली पुढे सरकवली. मी सुईत दोरा ओवला. फार लाज वाटत होती, निकालाची कमी आणि दुसऱ्याच गोष्टीची जास्त. दोन हार झाल्यावर मी विचारलं, “आई, त्या दिवशी तू काय म्हणत होतीस? तुला वाटतं, तो काय?”

“कोण वं?”

“बकरीवाला.”

तिने हात थांबवून खरंच आठवून पाहिलं.

“काय मालूम, बाई,” ती म्हणाली. “तू गप बस म्हणली, मी गप बसली. मंग इसरलीच.”