खड्ड्यातलं स्टूल

शिवणवाल्या मावशी मुळातच संशयी. दुकानासमोरच्या खड्ड्यात पडून त्यांच्या उजव्या घोट्याचं हाड मोडलं, आणि गल्लीवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. मशीन पायानं चालवायची. पाय प्लास्टरात, मशीन बंद.

त्यांनी पालिकेकडे भरपाई मागितली. पालिकेचे साहेब आले आणि त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. खड्ड्यात मोडकं स्टूल, त्याला लाल फडकं बांधलेलं.

"धोक्याची खूण होती की, मावशी. तरी तुम्ही पाय घातलात. मग चूक आमची कशी?"

साहेबांनी फोटो मावशींच्या सोबतीला आलेल्या भाचीला पाठवला आणि ते निघून गेले. स्टूल शेजारच्या सलूनमधलं होतं. मावशींच्या डोक्यात सगळं जुळलं. सलूनवाल्याची पायरी रस्त्यावर आलेली. साहेब तिकडे काणाडोळा करतात, त्याची ही परतफेड.

"तो माझी नजर चुकवतोय," त्या भाचीला म्हणाल्या. "माझा स्कार्फही त्यानंच लाटला असेल. पडले तेव्हा गळ्यात होता."

मग दारातूनच त्यांनी आवाज दिला, "काय रे, स्टूल ठेवायचं साहेबांनी काय दिलं?"

सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला. "मावशी, मार पायाला लागलाय ना? की डोक्याला?" एवढं बोलून तो आत गेला.

भाची मात्र फोटो मोठा करून बघत होती. "मावशी, फडक्याच्या कडेला पिवळी शिलाई आहे. हा तुझाच स्कार्फ."

मावशींना आता आठवलं. त्यांना उचलताना कुणीतरी गळ्यातला स्कार्फ सैल केला होता. म्हणजे स्टूल त्या पडल्यानंतर ठेवलेलं.

कुबड्या घेऊन त्या सलूनच्या पायरीवर गेल्या.

"अजून कुणी पडू नये म्हणून ठेवलं मी," सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावरून नजर न हलवता म्हणाला.

"साहेबांसमोर सांगशील?"

वस्तरा थांबला. "माझी पायरी तोडतील, मावशी."

मावशींनी कुबड्या सावरल्या. त्या जायला वळल्या.

"सांगेन," तो मागून म्हणाला. "पण मी काही खाल्लं नाही, हे आधी तुम्ही गल्लीला सांगा. मघाशी ओरडलात ना, तेवढ्याच आवाजात."

मावशींनी पायरीवर उभं राहून सांगितलं. समोरचा वाणीसुद्धा बाहेर आला. मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आणि स्कार्फ कुठाय?"

"खड्डा बुजवायला आलेले पालिकेचे लोक घेऊन गेले. स्टूलही."

मावशींनी डोळे बारीक केले. "तरीच साहेबांना खड्डा बुजवायची एवढी घाई होती."