फोटोवाल्या बाईंची गोमाशी

बाजाराच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानाला लागून, फोटोवाल्या बाईंचा स्टुडिओ होता. दहा बाय बाराची खोली, मागच्या भिंतीला निळा पडदा, पडद्यापुढे फिरतं स्टूल, आणि कोपऱ्यात एक आरसा. आरशाखाली कंगवा दोरीने बांधून ठेवलेला. तो बांधून का ठेवलाय, असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, "याचे सात भाऊ लोकांच्या खिशात गेलेत."

सव्वीस वर्षांत अर्धंअधिक गाव त्या स्टुलावर बसून गेलं होतं. कुणाचा परीक्षेचा फॉर्म, कुणाचा नोकरीचा अर्ज, तर कुणाचं ओळखपत्र. हनुवटी जरा खाली, डोळे इकडे, हलू नका. पुढे हातोहाती फोन आले. लोक घरच्या घरी, भिंतीला पाठ टेकवून आपापले फोटो काढू लागले. बाईंच्या दुकानात दुपारी माशा मारायची वेळ आली. त्यांनी तक्रार मात्र केली नाही. काचा पुसाव्यात, पडदा धुवावा, समोरून जाणाऱ्यांची विचारपूस करावी, असा दिवस जायचा.

अशाच एका दुपारी जमिनीची मोजणी करणारा एक माणूस ओळखपत्राच्या फोटोसाठी आला. हे ओळखपत्र ड्रोन उडवण्याच्या परवान्यासाठी हवंय, असं त्याने सांगितलं. बाईंनी ड्रोन फक्त लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालताना पाहिला होता. त्यांची उत्सुकता पाहून त्याने आपल्या फोनमधला एक फोटो उघडून दाखवला. आदल्या महिन्यात रस्ता रुंदीकरणासाठी त्याने सगळा बाजार वरून टिपला होता.

बाईंनी चष्मा वर सरकवून निरखून पाहिलं. चौकोनांना चौकोन चिकटलेले, मधून एक करडी पट्टी. एका पत्र्यावर गंजका बाथटब पालथा पडलेला.

"हा बाथटब कुणी टाकला वर?" बाईंनी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? पण छप्पर तुमचंच आहे," तो म्हणाला.

बाईंनी फोन आपल्या हातात घेतला. पाहता पाहता चपलांच्या दुकानाचा निळा पत्रा ओळखू आला, कोपऱ्यावरचं झाड ओळखू आलं. ज्या छपराखाली उभं आयुष्य काढलं, त्याचं तोंड आपण कधी पाहिलंच नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. त्या माणसाचा फोटो त्यांनी नीट काढून दिला, आणि तो निघताना विचारलं, हे शिकायला वयाची काही अट असते का?

तीन दिवसांचा वर्ग होता. बारा जणांत बाई सगळ्यांत मोठ्या. शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी वाटलं, कुणाला तरी सोडायला आल्या असतील. तो त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू लागला, तेव्हा बाईंनी पिशवीतून वही काढून दाखवली.

वर्गात सगळ्यांची भंबेरी उडायची ती एकाच गोष्टीत. ड्रोनची पाठ आपल्याकडे असते तोवर सगळं सरळ असतं. त्याने तोंड आपल्याकडे वळवलं की त्याचा डावा तो आपला उजवा होतो. भल्याभल्यांनी तिथे गोते खाल्ले. एकाने तर ड्रोन थेट कुंपणात घातला. बाई मात्र शांतपणे रिमोटवरची काठी हलवत राहिल्या. स्टुलावरच्या माणसाला "तुमचा डावा खांदा जरा पुढे" असं त्या सव्वीस वर्षं सांगत आल्या होत्या. समोरच्याचा डावा कुठला, याचा विचार त्यांना करावाच लागत नव्हता. शिकवणाऱ्याने दोनदा विचारलं, आधी कुठे शिकलात? बाई म्हणाल्या, पडद्यासमोर.

मोजणीवाल्याने नवा ड्रोन घेतला तेव्हा त्याचा जुना बाईंनी घेतला. घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाईंचे यजमान बसचे ड्रायव्हर, आदल्याच वर्षी निवृत्त झालेले. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, चारही पाती बोटाने फिरवून पाहिली.

"याला आरसा कुठाय?"

"आरसा नसतो याला."

"मग मागचं दिसणार कसं?"

"म्हणून तर तुम्ही हवे आहात," बाई म्हणाल्या. "मी रिमोटच्या पडद्यावर बघणार, तुम्ही आकाशात. तार, झाड, पक्षी, काही आलं की सांगायचं."

निवृत्तीपासून यजमानांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या आधी तयार होऊन दारात उभे.

बस डेपोच्या मागच्या मोकळ्या मैदानावर रोज सकाळी सराव सुरू झाला. ड्रोनचं नाव यजमानांनीच 'गोमाशी' पाडलं, कारण तशीच कानाशी भुणभुण. पहिल्या आठवड्यातले फोटो पाहून बाईंना स्वतःचंच हसू आलं. प्रत्येक फोटोत मधोमध एक गोष्ट, सरळ, नाकासमोर, जणू मैदानाचाच ओळखपत्राचा फोटो. मग हळूहळू कळत गेलं. भर दुपारी वरून सगळं सपाट दिसतं, सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्यांमुळे वस्तूला उंची येते. उभ्या सायकलीपेक्षा तिची सावलीच जास्त सायकल दिसते. बाईंना नवी नजर मिळाल्यासारखं झालं.

अपघातही झाला. एकदा घराच्या गच्चीवरून उडवताना गोमाशी शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरली आणि गुरफटून खाली आली. दोन पाती तुटली, चादरीला भोक पडलं. बाईंनी नवी चादर नेऊन दिली आणि शेजारणीच्या घराचा, कुंड्यांच्या रांगांसकट, वरून एक फोटो काढून दिला. शेजारीण तो फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागली. मात्र त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला. जागा मोकळी नसेल, वारा असेल, तर गोमाशीची पेटी उघडायचीच नाही.

त्या नियमाची कसोटी लागली ती बिस्कीट कारखान्यात. कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. तीनशे कामगारांनी अंगणात 'पन्नास'च्या आकड्यात उभं राहायचं आणि वरून फोटो, अशी मॅनेजरांची कल्पना. त्या तीनशेंचे ओळखपत्राचे फोटो बाईंनीच काढलेले, म्हणून बोलावणं त्यांनाच आलं.

बाई दोन दिवस आधी जाऊन खडूने आकडा आखून आल्या. माणसांच्या बरोबर डोक्यावर गोमाशी न्यायची नाही, हे त्यांनी मॅनेजरांना आधीच बजावलं होतं. ती समोरच्या रिकाम्या हिरवळीवर राहील आणि तिथून तिरकं बघेल. तिरकं बघताना आकडा चेपलेला दिसू नये म्हणून त्यांनी पाच आणि शून्य दोन्ही लांबट काढले. यजमानांनी ते पाहून विचारलं की पाचाला ताप आलाय का, तर म्हणाल्या, वरून बरा दिसेल.

ठरलेल्या सकाळी सगळे पांढऱ्या टोप्या घालून खडूच्या रेषेवर उभे राहिले आणि नेमका वारा सुटला. बाईंनी काठीला बांधलेली फीत आडवी फडफडू लागली. मॅनेजर घड्याळ बघत जवळ आले. भट्ट्या थांबवल्या होत्या, जास्त वेळ थांबवता येत नव्हत्या. एवढ्याशा वाऱ्याने काय होतंय, पटकन एक काढून टाका, असं त्यांचं म्हणणं.

आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. पण समोर उभे असलेले सगळे चेहरे ओळखीचे होते.

"साहेब, फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो," त्या म्हणाल्या. "ही माणसांत जाऊन पडली तर मला पुन्हा काही काढता यायचं नाही. वारा पडेपर्यंत मी पेटी उघडत नाही."

मॅनेजरांचा चेहरा पडला. तेवढ्यात पॅकिंग खात्याच्या मुकादमबाईंनी मागे वळून सगळ्यांना जागच्या जागी खाली बसायला सांगितलं. कुणीतरी फुटक्या बिस्किटांची घमेली आणली. तीनशे माणसं 'पन्नास'च्या आकड्यात बसून बिस्किटं खात, गप्पा मारत राहिली. मॅनेजरही शेवटी शून्याच्या कडेला टेकले. भट्टीवरचा एक म्हातारा कामगार म्हणाला, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आपण सगळे एका वेळी बसलोय. ते ऐकून मॅनेजरांनी घड्याळ बघणं सोडलं.

पाऊण तासाने फीत लोंबकळली. यजमानांनी आकाशावरून नजर फिरवून मान डोलावली. गोमाशी भुणभुणत वर गेली, हिरवळीवर स्थिरावली. "सगळ्यांनी तिच्याकडे बघा," बाईंनी मोठ्याने सांगितलं. तीनशे टोप्या मागे झुकल्या. बाईंनी अकरा फोटो घेतले आणि तिला अलगद उतरवून घेतलं. मग हळूच यजमानांना म्हणाल्या, सगळा वेळ जीव मुठीत होता.

घरी येऊन दोघांनी मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. आकडा बिनचूक उमटला होता. बाई एकेक चेहरा ओळखत गेल्या आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात येऊन थांबल्या. हिरवळीच्या कडेला दोन माणसं होती. एक पुरुष डोळ्यांवर हात धरून वर बघणारा. शेजारी एक बाई, हातातल्या रिमोटकडे मान खाली घातलेली. सगळ्या फोटोत तेवढी एकटीच वर बघत नव्हती. तिचा चेहरा दिसतच नव्हता, नुसता डोक्याचा पांढरा भांग.

यजमानांनी विचारलं, कोपरा कापायचा का?

बाईंनी थोडा वेळ त्या भांगाकडे पाहिलं. मघाशी त्या मनातून घाबरलेल्या होत्या, पण चित्रातली ती बाई आपल्या कामात अगदी गढलेली, निवांत दिसत होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

फोटो तसाच छापून कारखान्याच्या जेवणघरात लागला. पहिला आठवडा तिथे जेवायचं सोडून लोक काचेवर बोटं ठेवून स्वतःला शोधत होते. मुकादमबाईंचे डोळे मिटलेले आले होते, म्हणून त्या स्टुडिओत तक्रार घेऊन आल्या, आणि चहा पिऊन, तासभर बसून गेल्या.