पहिल्या आठवड्याचा जॉब

पेटी पत्र्याची होती, हिरवी, आणि प्राचार्यांच्या कपाटावर ठेवलेली. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर दोन सह्या केलेल्या होत्या. त्यातली एक माझी. रोज सकाळी हजेरीची सही करायला मी त्या खोलीत जायचे. पेटीकडे बघायचं नाही असं ठरवून जायचे, आणि पेन खाली ठेवता ठेवता नजर तिथेच जायची.

आमच्या हिंदी मुलखात, उरला या कारखान्यांच्या वस्तीजवळच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायला लागले त्याचं ते पहिलं वर्ष होतं. माझ्या पदाचं नाव मेहमान प्रवक्ता, म्हणजे एका सत्रापुरती, वर्षभराची नेमणूक. पुढच्या सत्रात ठेवायचं की नाही हे एका तक्त्यावरून ठरायचं. मुलांना शेवटी किती मार्क पडले हे त्या तक्त्यात महत्त्वाचं नव्हतं. मुलं किती पुढे गेली, ते बघायचे. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात, काहीही शिकवण्याआधी, प्रत्येकाने कुणाच्याही मदतीशिवाय लोखंडाचा एक तुकडा कापून, कानसून चौकोनी करायचा. आमच्याकडे अशा तुकड्याला जॉब म्हणतात. त्यावर रोल नंबर ठोकून तो पेटीत बंद करायचा. वर्षाच्या शेवटी तोच जॉब पुन्हा करायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजायचे. मधलं अंतर ही मुलांची प्रगती, आणि तेच शिक्षकाचे मार्क.

हे सगळं मला समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. पण मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे परीक्षा एकाच प्रकारची होती, आणि तीत वर्ग वाईट दिसला तर टीचरला स्टाफरूमच्या दारात सगळ्यांसमोर बोलणी बसायची. मला ते दार आठवलं असणार. सोळा मुलं हातात हॅक्सॉ, लोखंड कापायची करवत, धरून उभी होती, कुणाचा तुकडा आवळून धरायच्या शेगड्यात तिरका, कुणाची रेघ भलतीकडे. प्राचार्य फेरीवर येणार होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मी हातांनी काम केलं. एकेकाच्या तुकड्यावर खडू फासला, काटकोनी गुण्या लावून रेघा मारल्या, पंचाने ठिपके ठोकले. कापायचं ते आता फक्त रेघेवरून.

एक मुलगी होती, गुढ़ियारीहून सायकलने यायची. तिचे वडील रोलिंग मिलमध्ये. तिचे हात इतके थरथरत होते की कानस घसरून तिचं बोट सोललं. मी तिच्या हातातून कानस घेतली आणि चारही बाजू स्वतः कानसून दिल्या. जॉब सुरेख झाला. प्राचार्य म्हणाले, "अरे वा." मला बरं वाटलं.

हे बरं वाटणं दिवाळीपर्यंत टिकलं. मग एकदा चहाच्या वेळी वेल्डिंग शिकवणारे सर, वीस वर्षं तिथेच असलेले, मला म्हणाले, "पहले हफ्ते में मैं तो बच्चों को छोड़के चाय पीने चला जाता हूँ, मॅडम. जितना बिगाड़ेंगे उतना अपना भला."

मी कप खाली ठेवला.

"आपके बच्चों का तो पहला जॉब बड़ा सुंदर निकला, सुना है," ते म्हणाले. "इंग्लिश मीडियम की बात ही अलग है."

ते हसले, मीही हसले. वर्कशॉपमध्ये परत येताना हिशोब माझ्या लक्षात आला. पेटीत मुलांचे नव्हे, माझे जॉब पडले होते. मुलं वर्षभर कितीही शिकली तरी त्यांना माझ्याशी तुलना करूनच मोजणार होते.

त्यानंतर मी भीतीनेच शिकवलं. सुट्टीच्या दिवशीही वर्कशॉप उघडून घेतलं. मुलांना वाटायचं मॅडम मेहनती आहेत. घरी गेल्यावर मी जेवणाचं ताट पुढे घेऊन नुसती बसायचे.

"काय झालं व? काहून खाऊन नाही राहिली?" आई विचारायची.

"कुछ नहीं, आई."

"तुझे पोट्टे पास होतील न?" बाबा पेपरातून डोकं न काढता विचारायचे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या हिशोबी माणूस पास होतो किंवा नापास.

"होतील."

"मग काहून घाबरते तू?"

मी सांगू शकले नाही. नियम मोडला हे कळलं तर काढतील, नाही कळलं तर तक्ता बघून काढतील. काढलं तर मी घरी बसेन, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी नागपूरच्या आत्याकडे स्थळांचे फोटो तयारच असतात. पण खरी भीती तीही नव्हती. लहानपणापासून मला चारचौघांत बोलता येत नव्हतं आणि त्या वर्कशॉपमध्ये, कानशींच्या खरखरीत, मी बोलायला लागले होते. दुसरीकडे कुठे ते जमेल असं मला वाटत नव्हतं.

वर्षाच्या शेवटी मोजायला दुसऱ्या संस्थेतले एक वयस्कर सर आले. स्वतःचं मापाचं व्हर्नियर त्यांनी मऊ कापडात गुंडाळून आणलं होतं. पट्टी फाडून पेटी उघडली. एकेका मुलाला बोलवायचं, जुना जॉब, नवा जॉब, माप, आकडा. शिपाई लिहून घेत होता. आकडे लहान होते. काही मुलं जेमतेम पुढे, काही आहेत तिथेच. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते, आणि आठवतं ते एवढंच की गजाचा रंग माझ्या तळव्याला चिकटला होता.

मग ती मुलगी आली. सरांनी दोनदा मोजलं. "माइनस," ते शिपायाला म्हणाले.

तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात तिचे हात स्थिर झाले होते, तिच्याइतकी सरळ कानस वर्गात कुणाची चालत नव्हती. "मॅडम," ती हळू म्हणाली, "मैं पहले से खराब हो गई क्या?"

मी गप्प राहू शकले असते. आधीच्या मुलांच्या वेळी गप्पच होते. पण ती दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत होती, आणि आपण खराब झालो यावर तिचा विश्वास बसत चालला होता, हे मला दिसलं.

"सर," मी म्हणाले. आवाज फारच बारीक निघाला. "उसका पहला जॉब मैंने किया था."

शिपायाचं पेन थांबलं.

"बाकियों की मार्किंग भी मैंने की थी. सबकी."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ये आप मुझे क्यों बता रही हैं? मैं तो माप लिखके चला जाता."

"क्योंकि वो खराब नहीं हुई है."

त्यांनी तिच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले, खिडकीपाशी आले आणि उजेडात तिरके धरले. कानशीचे ओरखडे बघत राहिले. "हाथ तो अलग हैं," ते म्हणाले. "लिखके दीजिए."

मी कागद घेतला आणि इंग्रजीत लिहायला लागले. घाबरले की मला इंग्रजीच सुचतं.

"हिंदी में, मॅडम. बाबू को भी पढ़ना है."

मी हिंदीत लिहिलं. माझ्या मात्रा चुकत होत्या. मुलगी अजून तिथेच उभी होती.

"तो मेरा वाला कौन सा है?" तिने विचारलं.

मी नवा तुकडा तिच्यासमोर सरकवला.

तिने त्यावर अंगठा फिरवला. "इसमें एक कोना डाउन है."

"हव, है," मी म्हणाले.

तिने मान हलवली. माझ्यावर रागावली की नाही ते मला आजही माहीत नाही. सायकल काढून ती गेली.

तक्त्यातला प्रगतीचा पूर्ण रकाना रद्द झाला, सोळाही मुलांचा. त्यानंतर दीड महिना फोन वाजला की तो प्राचार्यांचाच असेल असं मला वाटायचं. आईला मी सगळं सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली, "बाबांले मी सांगतो, तू नको सांगू." प्राचार्यांनी शेवटी बोलावलं तेव्हा बसा म्हणाले नाहीत. एक सत्र आणखी मिळेल, आणि पहिला जॉब वेल्डिंगच्या सरांसमोर होईल, मी टेबलापासून लांब उभी राहीन.

नव्या बॅचचा तो दिवस आला. वेल्डिंगचे सर स्टूलावर बसले होते. चहाला गेले नाहीत. माझ्या तक्त्यात आता मागचं वर्ष नव्हतंच, सगळं ह्याच मुलांवर होतं. ती वाईट करतील तितकं माझं भलं, हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचीच मला लाज वाटत होती. मी भिंतीला टेकून हात मागे घेतले होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून.

समोरच्या शेगड्यावर एक बुटकी मुलगी रेघ न मारताच कापायला लागली. हॅक्सॉ डावीकडे सरकत होता, दर झटक्याला थोडा थोडा. तिलाही ते जाणवलं असावं. तिने मान वर केली.

"मॅडम, ठीक जा रहा है?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं मनगटात रुतली होती.

"अभी नहीं बता सकती," मी म्हणाले. "काटो. कल से बताऊँगी."

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि वाकडंच कापत गेली.