संयोगिताबाईंची पोटरी आणि बाळासोचा बांध

कॅनॉलकडेचा रस्ता जिथं बाळासोच्या उसाला लागतो, तिथं आलं की संयोगिताबाईंची डावी पोटरी रोज सकाळी संप पुकारायची. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, नेमकी तिथंच. आतून कुणी मूठ आवळावी तशी आवळायची आणि बाईंना जागच्या जागी उभं राहावं लागायचं.

उभं राहणं हा बाईंच्या कायद्यात गुन्हा होता. सगळी नोकरी त्यांनी रहिमतपूरच्या बाजूला एका हायस्कुलात खेळ शिकवण्यात काढलेली. अर्ध्या गावाला मैदानाभोवती पळवलं आणि धाप लागून थांबणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारलं, "मेलास का? नाही ना? मग पळ." त्या पोरांची आता पोटं सुटली होती, टकलं पडली होती, आणि बाई सत्तरी उलटल्यावरही साडीखाली बूट चढवून त्यांच्या नाकासमोरून दुडक्या चालीनं जात होत्या. असल्या बाईनं भर रस्त्यात थांबायचं म्हणजे गावाला वर्षभराची करमणूक.

साताऱ्याच्या डॉक्टरनं दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून सांगितलं होतं, की पायाला रक्त नेणारी शीर आतून अरुंद झालीय. गोळ्या दिल्या, पण खरं औषध चालणंच, म्हणाला. दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, दुखायचं राहिलं की पुन्हा चाला. मग त्यानं तंबाखूचं विचारलं. बाईंनी तोऱ्यात नाही म्हटलं. मिश्री लावता का, असं त्यानं विचारल्यावर बाई म्हणाल्या, ते तर दात घासणं झालं. डॉक्टर नातवाच्या वयाचा, पण त्यानं अशा नजरेनं पाहिलं, की बाईंना पोरांच्या खिशांतून पुड्या काढून घेणाऱ्या स्वतःचीच आठवण झाली. घरी आल्याबरोबर मिश्रीची डबी उकिरड्यावर गेली आणि पुढचे काही दिवस बाई घरात ज्याला त्याला फाडून खात होत्या.

हे सगळं सोसायचं कारण होतं यात्रा. यात्रेत साठी ओलांडलेल्यांची शर्यत असते, देवळापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत. बाया आणि बाप्ये एकत्रच पळतात, कारण वेगवेगळी पळवायला तेवढी म्हातारी माणसं पायावर उभी नाहीत. बाई दरसाल पळायच्या. यंदाही पळा, डॉक्टर म्हणाला होता, फक्त दुखलं की थांबा. अडचण कमिटीची होती. गेल्या साली एक आजोबा चक्कर येऊन पडले, तेव्हापासून आजारी माणसाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष बाळासो, बाईंचाच विद्यार्थी, लांब उडीत स्वतःच्याच पायात पाय घालून पडलेला.

तेव्हा पोटरीची बातमी फुटून चालणार नव्हतं. बाईंनी युक्ती काढली. पोटरी आवळली की कमरेवर हात ठेवायचे आणि समोर असं बघायचं, की जणू काही तपासायलाच थांबलोय. समोर होता बांधावरचा दगड. दगडाच्या एका अंगाला बाळासोचा ऊस, दुसऱ्या अंगाला बाईंचं रान.

आता आमच्या भागात कुणाच्या दारात उभं राहिलं तर चहा मिळतो, पण बांधाकडं बघत उभं राहिलं तर समोरचा वकील गाठतो. बाळासोनं काही दिवस उसाआडून पाहिलं आणि त्याची झोप उडाली. कारण दोन वर्षांमागं ट्रॅक्टर फिरवताना त्यानं बाईंच्या बाजूची एक सरी आत घेतली होती. बाईंना त्याचा पत्ता नव्हता. त्यांचं रान ज्ञानू वाट्यानं करायचा, आणि ज्ञानूनं उभ्या आयुष्यात कशाकडं निरखून पाहिलं नव्हतं.

एका सकाळी बाई पोहोचतात तो कडेचा ऊस कापलेला, दगड उसाच्या अंगाला सरकलेला, बांध नव्यानं घातलेला. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. राग आला, त्याहून जास्त हसू आलं. पण पोटरीला या घडामोडीचं काय? दुसऱ्या दिवशी ती तिथंच आवळली. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि बाळासो उसातून बाहेर आला.

"आवं बाई, आता आनि काय राह्यलं? घेतली ती सरी दिली की माघारी."

बाई दगडाकडंच बघत राहिल्या. कळ अजून ओसरली नव्हती.

"सरकारी मोजणी आणताय व्हय? मग मीच सोमवारी अर्ज देतो. हुंदे काय व्हायचं ते."

हे सगळं उसनं अवसान होतं. मोजणीवाला आला की एकाच बांधावर थांबत नाही, आणि पलीकडच्या अंगाला बाळासोनं चुलतभावाचंही थोडं कोरलेलं होतं. शाळेत उडी मारण्याआधी तो असाच पांढरा पडायचा. बाईंना तो बघवला नाही.

"मी बांध बघत नाही रे. माझ्या पायाची शीर तुंबलीय. इथं आलं की पोटरी भरते, म्हणून थांबते."

बाळासोनं मोठा श्वास सोडला. मग कापलेल्या उसाकडं पाहिलं. मग त्याच्यातला अध्यक्ष जागा झाला.

"मग शर्यतीत तुमचं नाव कसं घ्यायचं?"

"आणि मोजणी कशी टाळायची?"

"आवं, ह्याला काय अर्थ हाय?"

"डॉक्टरनं थांबत थांबत पळायला सांगितलंय, तशी पळेन. पडणार नाही. पडलेच तर तुझ्या हद्दीत पडेन."

नाव घेतलं गेलं.

यात्रेत म्हसवडकडचा कोंडीबा, जन्मभर मेंढरांमागं फिरलेला, अनवाणी सुटला आणि दिसेनासा झाला. त्याच्यामागं बाई. किराणा दुकानासमोर, जिथं त्यांचे झाडून सगळे जुने विद्यार्थी उभे होते, तिथंच पोटरीनं मूठ आवळली. बघायला दगड नव्हता, बांध नव्हता. पळावं का तसंच, असं क्षणभर आलं मनात. मग बाई सरळ थांबल्या. स्पीकरवाल्यानं माईक खाली ठेवून मान उंच केली.

"बाई, मेलात का?" मागून कुणीतरी म्हणालं. "न्हाई न्हवं? मग पळा की."

"पोटरी भरलीय," बाई खणखणीत म्हणाल्या. "सुटली की पळते. तू तोवर पोट आत घे."

गर्दी खिदळत असताना दोन म्हातारे पुढं निघून गेले. पोटरी सुटली, बाई पळाल्या, त्यातल्या एकाला पुलाच्या तोंडाशी गाठलं. तिसऱ्या आल्या. पुलावर कोंडीबा तंबाखू मळत बसला होता. त्याला ती त्यांनी कॅनॉलात टाकायला लावली.

यात्रा पांगल्यावर दुसऱ्या सकाळी बांधापाशी सिमेंटचा नवा बाक होता. बाळासो उसाच्या कडेला हात बांधून उभा. बाई बसल्या, कारण दुखत होतंच. बसल्या बसल्या बुटानं माती चाचपली. बाकाचे मागचे पाय बांध ओलांडून त्यांच्या रानात चांगले हातभर रोवलेले होते, आणि दगड बाकाला टेकवून ठेवलेला.

"बाळासो," त्यांनी हाक मारली, "उद्या मी इथं थांबेन ती पोटरीसाठी नाही."