मधूमामाच्या वडिलांचा चेहरा

मामाच्या विकासचा फोन आला तेव्हा आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत होती. "ताई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना, म्हणून मामीने फोन घेतला. मामा सकाळी आंघोळीचं पाणी काढायला गेला होता. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना, तेव्हा मामीने दार ढकललं... डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी फोन ठेवला आणि आईला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत उभी राहिले, तर तिनेच विचारलं, "मधू ना?" मी मान हलवली. तिने हातातली जुडी पुरी केली, देठं वेगळी काढली, पाला पाण्यात टाकला आणि मग म्हणाली, "रिक्षा बोलाव." बदलापूर ते अंबरनाथ ती रडली नाही. फक्त एकदा, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "इतके दिवस बोलला नाही माझ्याशी. आता कधी बोलणार?"

मधूमामा हा आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्याने फिटर म्हणून नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाला. विड्या नाहीत, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका वेडाने त्याला जन्मभर पछाडलं होतं. त्याला आपल्या वडिलांचा चेहरा बघायचा होता. माझे हे आजोबा अंबरनाथलाच रंगाच्या एका कारखान्यात होते. टाकी साफ करायला आत उतरले आणि वायूने गुदमरले. तेव्हा मामा पाळण्यात होता. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटो काढण्याची ऐपत नव्हती आणि पुढे काढू म्हणता म्हणता माणूसच गेला. त्यांच्यामागे उरल्या त्या वस्तू म्हणजे कारखान्याचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला, एक काळी टोपी आणि जर्मनचा जेवणाचा डबा. त्या डब्यात आजीने वर्तमानपत्राचं बोटभर कात्रण जपून ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यात नवऱ्याची बातमी आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. बातमी होती, नवऱ्याचं नाव मात्र नव्हतं. एक कामगार दगावला असं छापलेलं होतं, आणि दुपारनंतर काम नेहमीसारखं सुरू झालं असंही. मामा ते कात्रण मला दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ, काम सुरू झाल्याची बातमी पूर्ण आहे. माझ्या बापाची अर्धीच."

आमच्यात माणूस गेलं की पुण्यानुमोदनाला बुद्धमूर्तीशेजारी त्याचा फोटो ठेवतात, मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात. आजी दर स्मृतिदिनाला टेबलावर तो बिल्ला ठेवायची. त्या बिल्ल्याला फुलं वाहिलेली मीही लहानपणी पाहिली आहेत. वस्तीतल्या दुसऱ्या पोरांचेही बाप गेलेले होते, पण ते भिंतीवर तरी होते. मामा एका नंबरपुढे हात जोडत मोठा झाला. हे तो हसत हसत सांगायचा, आणि आपण हसावं की गप्प बसावं ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

नोकरी लागल्यावर त्याने शोध सुरू केला. सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरला जायचं, कॅम्प तीनमधली रद्दीची दुकानं पालथी घालायची, कल्याणच्या वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली चाळायच्या. अंबरनाथचा उल्लेख दिसला की कापून आणायचं किंवा उतरवून घ्यायचं. मी गणिताची शिक्षिका. मला पुराव्याशिवाय काही पटत नाही, आणि त्यामुळे आमचं चांगलं वाजायचं. "मामा, अरे त्यांचा फोटो कशाला छापून येईल? ते काय मंत्री होते?" असं मी चिडवायची. तो शांतपणे म्हणायचा, "मोर्च्यात तर होते ना? आईच सांगायची." आणि खरंच एक दिवस तो मोर्च्याचा फोटो घेऊन आमच्या घरी आला. पिवळा पडलेला कागद, अंबरनाथ स्टेशनबाहेरचा कामगारांचा मोर्चा, आणि पुढच्या रांगेत काळी टोपी घातलेला, छातीवर बिल्ला लावलेला, तोंड उघडून घोषणा देणारा एक तरुण. मी म्हटलं, "टोपी सगळ्यांनाच आहे मामा. बिल्लाही." तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. आजी तोवर गेली होती. वडिलांना पाहिलेलं, घरातलं एकच माणूस उरलं होतं. त्याने कागद आईच्या हातात दिला. "अक्का, हेच ना?"

आईने तो कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हो. हेच." आणि मामा, चाळिशी ओलांडलेला, मिशा पिकायला लागलेला माणूस, आमच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून हमसून हमसून रडला.

दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन कॅम्प तीनमधल्या एका सिंधी फोटोवाल्याकडे गेला. तो फोटो मोठा करून हाताने रंग भरून द्यायचा. कागद उजेडात धरून तो म्हणाला, "साईं, अखबार का फोटो है, बडा करेगा तो खाली ठिपके निकलेंगे. ब्रश मारना पडेगा." मामा म्हणाला, मारा. मग त्याने विचारलं, "हार डालने का है ना? फिर मुँह बंद करना पडेगा. खुला मुँह पे हार अच्छा नहीं लगता." मामाने जरा विचार केला आणि तेही मान्य केलं. अशा रीतीने घोषणा देणाऱ्या माणसाचं तोंड मिटलं, टोपी नीट झाली, गालांवर थोडा गुलाबी रंग चढला, आणि आमचे आजोबा चौकटीत बसून अंबरनाथच्या घरी आले. त्या वर्षीच्या स्मृतिदिनाला बिल्ला डब्यात राहिला. मामाने कात्रणं काढणं थांबवलं. मला आठवतं, तो तेव्हा अंगाने भरला, मोठ्याने बोलायला लागला, लग्नाकार्यात पुढे पुढे करायला लागला. आपल्याला बाप आहे अशा ऐटीत वावरायचा.

दोनेक वर्षांपूर्वी विकासने मोर्च्याचं ते कात्रण आणि तो रंगवलेला फोटो मोबाइलवर अंबरनाथच्या जुन्या माणसांच्या एका ग्रुपवर टाकला. त्याच दिवशी वांगणीहून एका गृहस्थांचा निरोप आला. फार सभ्य निरोप होता. आपला काहीतरी गैरसमज झाला असावा, हे तर आमचे आजोबा, एकदा येऊन बघून जा. मामाने मला सोबत घेतलं. रस्ताभर तो हेच म्हणत होता की लोकांना काय, कोणीही दिसतं कोणासारखं.

ओटीवर पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर तोच माणूस दिसला. तरुणपणचा, लग्नातला, आणि मग नातवंडांच्या घोळक्यात बसलेला पांढऱ्या केसांचा. मोर्च्याचं कात्रणही होतं, आमच्यापेक्षा नीट जपलेलं, काचेखाली. घरातली वयस्क सून पाणी घेऊन आली. "आमचे सासरे हाईत हे. अंबरनाथला कारखान्यात व्हते. गेले की आत्ता, मागल्या सालाला." मामा उभाच होता. मग त्याने हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, माफ करा. आम्ही इतकी वर्षं यांना हार घालत होतो... हे जिवंत असताना." बाई क्षणभर गोंधळली आणि खळखळून हसली. "म्हून तर येवढे जगले असतील!" आम्ही सगळेच हसलो. मामाही हसला. ते हसणं मी पुन्हा कधी ऐकू नये असं होतं.

बाई मनाने फार चांगली होती. मामाचा चेहरा बघून तिने भिंतीवरचं कात्रण उतरवून त्याच्यापुढे ठेवलं. "मागं लई मानसं हाईत. बघा की, तुमचे बाबा असतील त्यात." मामाने खिशातून भिंग काढलं. ते नेहमी जवळ असायचं. आणि तो खरोखरच बघायला लागला. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. एकावर थांबला, पुन्हा मागे गेला, कागद तिरका धरला... मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शेवटी त्याने भिंग मिटलं. स्टेशनकडे येताना म्हणाला, "टोमॅटो चाचपावेत तसे बाप चाचपत होतो गं मी."

तिथून तो अंबरनाथला गेला नाही, माझ्याबरोबर बदलापूरलाच उतरला. आईने चहा ठेवला, त्याने घेतला नाही.

"अक्का, तुला बाबा आठवतात?"

आईने माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं. "आठवतात."

"चेहरा?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "हात आठवतात. हिरवे. कितीही घासले तरी नखांतला रंग जायचा नाही. खांद्यावर बसले की वरून टोपी दिसायची, ती आठवते. चेहरा... नाही रे आठवत, मधू."

"मग हो कशी म्हणालीस?"

"तुझं तोंड बघून मला नाही म्हणवेना."

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "नाही म्हणाली असतीस तर मी शोधत राहिलो असतो. तेव्हा बाबांच्या खात्यातली दोन-तीन माणसं होती, अक्का. एक तर इथे कात्रपला राहायचा. मी गेलोच नाही त्याच्याकडे. कशाला जाऊ? मला फोटो मिळाला होता ना! आता ती सगळी मेली." तो उठला, चपला घातल्या आणि गेला. दर रविवारी येणारा माणूस त्यानंतर आमच्या घरी आला नाही. आई फोन करायची, तो मामीकडे द्यायचा. मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणूनच दोघांचाही राग येत होता. एकीने मायेपोटी खोटं बोलावं आणि दुसऱ्याने त्याची फेड अशी करावी! फोटो मामाने स्वतः वांगणीला नेऊन दिला. स्मृतिदिनाला बिल्ला पुन्हा डब्यातून बाहेर निघाला.

माझी त्याची शेवटची भेट कॅम्प तीनमध्ये झाली. मी मुलाच्या जीन्स घ्यायला गेले होते, तर रद्दीच्या दुकानातून मामा बाहेर येताना दिसला. शर्टाला धूळ, हातात पिशवी, चेहरा उतरलेला. आम्ही रसाच्या गाडीवर बसलो. मी म्हटलं, "आता फोटो मिळाला तरी ओळखणार कोण, मामा?" तो म्हणाला, "कोणी नाही. माहितीय मला." त्याने रसाचा ग्लास खाली ठेवला. "काय आहे, पोरी, रस्त्यात बाबा समोरून आले तर मी त्यांना बाजूला व्हा म्हणेन. एवढीच ओळख." मी घरी ये म्हणून गळ घातली. आई वाट बघते म्हटलं. "येईन. तिच्यावर राग नाही माझा. जी वर्षं वाया गेली ना, त्यांच्यावर आहे. तो गेला की येईन." मग शेअर रिक्षात मधल्या सीटवर दाटीने बसून निघून गेला.

विकासचा फोन आला त्या दिवशी आम्ही अंबरनाथला पोहोचलो तेव्हा मामाला हॉलमध्ये ठेवलं होतं. पांढरे कपडे घातलेले, उशाशी मेणबत्ती, आणि तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधलेली. बायकांनी आईला वाट करून दिली. ती त्याच्या डोक्याशी बसली. आता हंबरडा फोडेल म्हणून मी मागे तयारीत होते. ती नुसती बघत होती. पुढे वाकली, गळ्याजवळची फुलं बाजूला केली, पुन्हा बघितलं. मला म्हणाली, "लाइट लाव." मी लावला. तिने त्याच्या कपाळावरून, नाकावरून, पट्टीच्या कडेने बोट फिरवलं, आंधळी माणसं फिरवतात तसं.

"बाबांना असंच आणलं होतं," ती म्हणाली. "असंच बांधलं होतं तोंड. मी दाराआडून बघत होते. मला कोणी जवळ जाऊ दिलं नाही..." आणि मग एकदम त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, "मधू, हेच रे! मधू, अरे सापडले बाबा... हेच आहेत!"

बायकांना वाटलं, दुःखाने हिला भ्रम झाला. त्यांनी तिला धरून बाजूला नेलं, पाणी पाजलं. महिना उलटून गेला, मी अजून त्या गोष्टीपाशी अडून आहे. आजोबा गेले तेव्हा तिशीचेही नव्हते आणि मामाची पासष्टी उलटून गेली होती. शिवाय या साक्षीदाराने एकदा चुकीची साक्ष दिलेली आहे. यातून काहीच सिद्ध होत नाही, हे मी वर्गातल्या कुठल्याही मुलाला सांगेन. पण तेव्हा तिला मामाने विचारलं होतं. या वेळी तिला कोणीच विचारलं नव्हतं.