चौकातल्या फ्लेक्सवरचा डॉक्टर

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात माझा फोटो लागलाय, हे मला मार्केटमधल्या चहावाल्याने सांगितलं. "काका, तमे डॉक्टर क्यारे थया?" त्याने विचारलं. मला वाटलं थट्टा करतोय. मी साड्यांच्या एका पेढीत पार्सलं रवाना करण्याचं काम बघतो. डॉक्टरकीशी माझा संबंध फक्त बीपीच्या गोळीपुरता.

जेवणाच्या सुट्टीत चौकात गेलो. रिक्षांच्या रांगेवर भलामोठा फ्लेक्स. वर आमच्या शाळेचं नाव, खाली माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आणि 'आमचे मान्यवर' म्हणून चार चेहरे. एक निवृत्त न्यायाधीश, एक कारखानदार, एक फौजी अधिकारी. चौथा मी. डुमसच्या किनाऱ्यावर मुलीने काढलेला फोटो, केस वाऱ्याने उभे राहिलेले. खाली लिहिलं होतं, 'सुप्रसिद्ध हृदयशल्यचिकित्सक'.

घोटाळा माझ्या लगेच लक्षात आला. आमची शाळा म्हणजे खानदेशात डोंगराच्या पायथ्याशी असलेली खाजगी निवासी शाळा. माझ्या वर्गात माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा आणखी एक मुलगा होता. हजेरीला आम्ही दोघंही एकदम 'हजर' म्हणायचो आणि सगळा वर्ग हसायचा. शेवटी रेक्टर सरांनी वसतिगृहातल्या खाटांवरून आमची बारशी केली. तो खिडकीवाला, मी दारवाला. खिडकीवाला पुढे पुण्याला जाऊन मोठा डॉक्टर झाला. मी गावाकडच्या चारचौघांसारखा सुरतेला आलो. सुरतेत शाळेची मुलं पुष्कळ, म्हणून यंदाचा मेळावा इथल्याच एका हॉलमध्ये ठेवला होता. कुणीतरी शाळेच्या ग्रुपवरून नाव बघून फोटो उचलला, आणि तो माझा निघाला.

मी संयोजकाला फोन केला. तो बिचारा रडकुंडीला आला. "अहो, सगळे फ्लेक्स लागले. मेळावा रविवारी. आणि डॉक्टरसाहेबांनी अजून येतो की नाही तेही कळवलं नाही. तुम्हीच बसा ना स्टेजवर!"

"मी? आणि कुणी ऑपरेशनबद्दल विचारलं तर?"

घरी आलो तर शेजारचे आजोबा ईसीजीचा कागद घेऊन ओट्यावर बसलेले. मी चूक समजावून सांगितली, तर म्हणाले, "मोठी माणसं अशीच नम्र असतात." त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवता पाठवता माझ्या नाकी नऊ आले. बायको आतून हसत होती. पण मला हसू येत नव्हतं. फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर फिरत होता. खिडकीवाल्याने तो बघितला असेल. एवढा नावाजलेला माणूस, त्याच्या कीर्तीवर पार्सलवाल्याचं तोंड! त्याला वाटेल, मीच मुद्दाम फोटो दिला.

"त्यासले फोन करी ल्या," बायको म्हणाली. "कसाले घाबरतस?"

शेवटी केला. शाळा सुटल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"नमस्कार, डॉक्टरसाहेब. मी सुरतेहून... आपण एका शाळेत..."

"कोण, दारवाला?"

"हो. तुम्ही तो फ्लेक्स बघितला असेल. फार मोठी चूक झाली, पण माझा त्यात—"

"'तुम्ही' काय म्हणतोस रे? फ्लेक्स बघितला. काल बायकोला दाखवला. कितीतरी दिवसांनी मी हसलो."

मग तोच म्हणाला, "तुला सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. ऑपरेशन करणं सोडलंय मी. विद्यार्थ्यांना शिकवतो फक्त. शाळेतल्या कुणाला माहीत नाही. हे आमंत्रण आलं तेव्हापासून मला झोप नाही. त्या बिरुदावर माझा चेहरा लागणार, हीच भीती होती. आणि बघतो तर तुझा चेहरा. देवाशप्पथ, हायसं वाटलं."

"मग येऊ नकोस," मी म्हणालो. "मी सांभाळून घेतो."

"नाही. आता येतो. तुझ्याकडे उतरलो तर चालेल?"

शनिवारी मी त्याला स्टेशनवरून घेऊन आलो. केस पांढरे झालेले, चालणं मात्र तेच, जरा पुढे झुकून. बायकोने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. त्याने भाकरी डाव्या हाताने मोडली, आणि बायकोने भरिताची वाटी त्याच्या डाव्या बाजूला सरकवली.

रविवारी हॉलमध्ये गेलो तर स्वागताला उभ्या पोरांनी फ्लेक्सवरचा चेहरा ओळखून माझ्याच गळ्यात हार घातला. खिडकीवाला मागे उभा राहून गालात हसत होता. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मान्यवरांची नावं पुकारली गेली. आमचं नाव आलं आणि मी त्याचा दंड धरून त्यालाच पुढे केलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. तो माईकपाशी गेला.

"नाव बरोबर आहे, फोटो चुकलाय," तो म्हणाला. लोक हसले. "आणि खाली लिहिलेलंही आता खरं नाही. माझा हात साथ देत नाही, म्हणून मी शस्त्रक्रिया थांबवल्यात. आता पोरांना शिकवतो. शाळेतल्या कुणाला हे सांगायचं धाडस होत नव्हतं. आज सांगून टाकलं."

मग निवृत्त न्यायाधीश, जे आमच्या दोन वर्षं पुढे होते, स्टेजवरूनच म्हणाले, "अरे, मला तर आता ऐकूच येत नाही. मघापासून कोण काय बोललं, एक शब्द कळला नाही!" सगळा हॉल खो खो हसला. कारखानदाराने उठून आपला कारखाना केव्हाच विकल्याचं सांगितलं. स्नेहमेळावा खरा सुरू झाला तो तेव्हा. वरणबट्टीच्या जेवणाच्या रांगेत लोक खिडकीवाल्याला वेढून उभे होते. कुणी पोटाचं विचारत होतं, कुणी मुलाच्या मेडिकलच्या ॲडमिशनचं. तो प्रत्येकाला उत्तर देत होता, आणि हातातला थरथरता ग्लास त्याने लपवला नव्हता.

संध्याकाळी त्याला गाडीत बसवायला गेलो. वाटेत त्याने घरी न्यायला नानखटाई घेतली. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना त्याने पुण्याला आपल्या बायकोला फोन लावला.

"हो, सांगितलं सगळ्यांना," तो म्हणाला. "नाही गं, काहीच झालं नाही. वरणबट्टी मात्र फार छान होती."